ऐकण्याची दहा मिनिटं

३ नोव्हेंबर, अकोला
पुण्यातली नोकरी सुटली तेव्हा वाटलं होतं, संपलं आता. पण आजचा दिवस छान गेला, म्हणून ही वही उघडली. जठारपेठेतली खोली लहान आहे, पण खिडकीबाहेर कडुलिंब आहे आणि स्टुडिओ चालत दहा मिनिटांवर. काम ऐकून मैत्रिणी हसतील. माझ्या चेहऱ्याचा आणि आवाजाचा बोलता एआय अवतार करायचा आणि त्यानं व्हिडिओत शेतकऱ्यांना फवारणीचा सल्ला द्यायचा. लहानपणी माय ओरडायची, काय अवतार करून ठेवला म्हणून. आता त्याचाच पगार मिळणार. मालक किशोरसर म्हणाले, पुण्यात राहून तुमची वऱ्हाडी पार गेली, पण तुमच्या अवताराला ती आम्ही शिकवू.

दुपारी मायचा व्हिडिओ कॉल आला. भातकुलीजवळच्या आमच्या गावी ती एकटी असते, बाबांना जाऊन चार वर्षं झाली. वावरातून आली की रोज बोलते. वेचणीच्या बाया, शेजारच्या माणिकबाईची म्हैस, स्वतःचे गुडघे. मी हो-हो करते.

५ नोव्हेंबर
रेकॉर्डिंग झालं. दोन तास वाचन आणि मग दहा मिनिटं नुसतं ऐकणं. अवतार गप्प असताना दगडासारखा दिसू नये म्हणून कॅमेऱ्यासमोर बसून कुणाचं तरी ऐकतोय असं दाखवायचं. कॅमेरा चालवणारा धर्मेंद्र म्हणाला, बोलता सगळ्याइले येते, आयकता कोनाले येत नाही. लय बोलणारं एखादं माणूस आठवा. मी माय आठवली. ती समोर बसून बोलतेय असं धरलं आणि काय झालं कोण जाणे, माझे डोळे भरून आले. एवढं मन लावून मी तिचं कधीच ऐकलेलं नाही.

११ नोव्हेंबर
ती तयार झाली, म्हणजे माझा अवतार. मान हलवते, पानं काहून पिवळी पडून राह्यली म्हणून विचारते. व्हिडिओ कॉलसुद्धा घेते, समोरच्याचं ऐकून उत्तर देते. सगळे तिच्याभोवती गोळा होतात. डबा मी एकटीच खाल्ला. खोलीवर आल्यावर लक्षात आलं, दिवसभरात मी कुणाशी दहा वाक्यंही बोलले नव्हते.

१३ नोव्हेंबर
एक लबाडी केली. मायचा फोन नेमका कामाच्या गर्दीत येतो, म्हणून आज तो तिच्याकडे वळवला. संध्याकाळी नोंद पाहिली तर एक्केचाळीस मिनिटं. माझ्याशी चार होतात. मायला काही कळलं नाही. कळायला हवं होतं असं वाटत राहिलं.

१६ नोव्हेंबर
तीन दिवस मायचे फोन तिच्याकडेच वळवले. आज रविवार म्हणून मीच केला. माय म्हणाली, आज काहून अशी तुटक बोलून राह्यली, काल किती मस्त बोलली. मग म्हणाली, तुले सांगतलं ना छातीचं, ते वाढलं हाय. मी हो म्हणाले. मला काहीच माहीत नव्हतं.

स्टुडिओत जाऊन कालचं बोलणं काढून पाहिलं. बाबा गेल्यापासून मायच्या डाव्या बाजूला दुखतं. तुले ताप नको म्हणून बोलली नाही, असं माय तिला सांगत होती. आणि माझा चेहरा भरल्या डोळ्यांनी ऐकत होता. मला लाज वाटली. खरं सांगायचं तर हेवाही वाटला.

१८ नोव्हेंबर
ती पुसायला लावली. किशोरसर चिडले, पण माझ्यादेखत पुसली. नोकरी जाईल बहुतेक, जाऊ दे. मायला अमरावतीला दवाखान्यात न्यायचं आहे. आता रोज मीच बोलणार.

१९ नोव्हेंबर
मायचा फोन आला नाही. मी केला तर तासभर व्यस्त. शेवटी लागला. माय म्हणाली, अवं, आत्ताच त बोललो आपण.

२१ नोव्हेंबर
धर्मेंद्रनं सगळं तपासलं. ती कुठेच नाही. मायचा फोन दिवसभर व्यस्त—

२२ नोव्हेंबर
लागला. म्हणाले, माय, मी रागिणी. ती म्हणाली, माह्या रागिणीनं सांगून ठेवलं हाय, तिच्या हापिसात तिच्यासारकी एक बनवली, पुन्यावानी बोलते, तिचा फोन आला त ठेवून देजो. आणि ठेवला.
आरशासमोर वऱ्हाडी बोलून पाहिली. मले. तुले. माझ्याच तोंडी खोटी वाटते.

२३ नोव्हेंबर, गाडीत
बडनेरा यायचंय अजून. ऐकायला ती आहे. पण मायला उचलून दवाखान्यात न्यायला तिला हात—

दुपार, घराच्या ओट्यावर
दार आतून लावलेलं. खिडकीच्या गजांतून माय दिसते. फोन पाण्याच्या गुंडाला टेकवलाय, एक हात छातीशी. घामानं भिजलीय. बोलतेच आहे.

हाका मारल्या. वळून पाहिलं तिनं. मला पाहून घाबरली. मला.

माणिकबाई माणसं आणायला धावलीय. दार हलत नाही—

माझा आवाज ऐकला की आणखी घाबरते. म्हणून वहीचं पान फाडून आत टाकलं. माय, छातीचं दुखणं आहे, दार उघड, दवाखान्यात जाऊ. अक्षर तरी ओळखेल.

उचललं. चष्मा सापडत नाही तिला. पान फोनसमोर धरलं. वाच बाई, म्हणाली, काय लिवलं हाय.

माझ्या आवाजात उत्तर आलं. कोरं पान हाय, माय. तू बोल. मी आयकून राह्यली.

दुसरं पान टाकते. माय, कोरं नाही, त्यावर मी—