जाळीसमोरचा कागद

१२ मार्च

प्रिय दादा,

तुझ्या पत्राला इतके दिवस उत्तर दिलं नाही, रागावू नकोस. राहून गेलं असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. मी मुद्दामच थांबले होते. ‘गाडी विकून टाका, बाबांना ती आता झेपत नाही,’ असं तू लिहिलंस. हातात पुरावा असल्याशिवाय तुझ्याशी वाद घालायचा नाही, हे मी लहानपणीच शिकलेय. आता पुरावा आहे. गाडी बरी झाली.

ती किती तापायची हे तुला फोनवर कळलंच आहे. सिग्नलला उभी राहिली की काटा वर, आणि बाबांचा पारा त्याच्याही वर. आई म्हणाली, “दोघांपैकी एकालाच गार करता येणार असेल, तर आधी गाडी करा, ती निदान उलट बोलत नाही.” गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर साफ केला, तरी पहिले पाढे पंचावन्न. शेवटी तो म्हणाला, हेड गॅस्केट गेलंय, इंजिन उघडावं लागेल. बाबा घरी येऊन खुर्चीत बसले ते जेवायलाही उठेनात. “विकायचीच झाली मग,” एवढंच म्हणाले.

मला ते निदान पटलं नाही. पटलं नाही, की पटवून घ्यायचं नव्हतं? हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि म्हणूनच एकेक गोष्ट तपासली. गॅस्केट गेलं असतं तर ऑइल दुधाळ दिसलं असतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर आला असता, गार इंजिन सुरू केल्याबरोबर पाण्यात बुडबुडे उठले असते. यातलं काहीच नव्हतं. शिवाय मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की काटा निमूट खाली यायचा. म्हणजे पाणी फिरत होतं, वारा कमी पडत होता. पण पंखा तर घरघरत होता! तो फिरतोय एवढंच सगळ्यांनी पाहिलं, मीही.

रविवारी सकाळी गाडी दारासमोर चालू ठेवली आणि बाबांच्या हातात वहीचा कागद दिला. म्हटलं, पुढच्या जाळीसमोर धरा. पंखा लागला, कागद फडफडला आणि थेट बाबांच्या शर्टाला जाऊन चिकटला. “बघ! म्हातारीत अजून काय जोर आहे!” बाबा खूश. मी मात्र बघतच राहिले. हा पंखा रेडिएटरच्या मागे असतो आणि त्याने बाहेरची हवा आत ओढायची असते. कागद जाळीला चिकटायला हवा होता. आपला पंखा अगदी मन लावून उलटा फिरत होता आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याला दारातूनच परत पाठवत होता.

पंख्याचं सॉकेट वितळलं तेव्हा बाबांनीच वायरी थेट जोडल्या होत्या, आणि तापायला सुरुवात झाली ती त्यानंतरच. टेप सोडवली तर निळीला काळी आणि काळीला निळी. मी त्या सरळ केल्या. कागद जाळीला चप्प बसला. मग भर बाजारातून गाडी नेली. काटा मध्यावरून हलला नाही. चालवायला मीच बसले, ‘मला अंदाज घेऊ द्या’ म्हणून. बाबांनी शेजारून हात लांबवून गॅरेजसमोर हॉर्न तेवढा दणकून वाजवला.

तेव्हा गाडी विकायची नाही. याबद्दल माझं मत पक्कं आहे.

हे फोनवरही सांगता आलं असतं, पण बाबा फोन स्पीकरवर टाकून मधे बसतात, आणि एक गोष्ट त्यांच्या कानावर अशी जायला नको. वायर जोडण्याआधी तिचा रंग मोठ्याने म्हणायचा, ही त्यांची शिस्त तुला ठाऊक आहे. ते निष्काळजीपणे जोडणं शक्यच नाही. म्हणून टेप सोडवल्यावर मी म्हटलं, “बाबा, जरा निळी धरा.” लख्ख उन्हात त्यांनी काळी उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “निळी!” मी त्यांना जोड सैल होता, एवढंच सांगितलं. ते मायेने की भित्रेपणाने, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मोतीबिंदू असावा. शेजारच्या मावशींनाही निळं काळं दिसायचं. ऑपरेशननंतर आता त्या सुईत दोरा ओवतात. बाबांचंही तसंच होईल, याची मला जवळजवळ खात्री आहे. पण तोवर त्यांनी गाडीला हात लावायचा नाही. तेवढ्यापुरतं तुझं बरोबर होतं. फक्त एक कर: फोनवर यातला चकार शब्दही काढू नकोस. हे त्यांना मला सांगू दे, समोर बसून.

तुझीच,
धाकटी

ता. क. माझं उद्याचं काम: बाबांकडून गाडीची किल्ली मागून घेणे.