चिलिंगमधला कर्नल

१५ एप्रिल २०१९, सोमवार

पोचलो एकदाचा. पुण्याहून अंबाजोगाईपर्यंत ट्रॅव्हल्स आणि तिथून घाटनांदूर रस्त्यावरच्या या दूध संघापर्यंत काळी-पिवळी. जीपमध्ये माझ्या शेजारी दोन बोकड होते. सगळ्या प्रवाशांत तेच काय ते शिस्तीचे.

मन मात्र खुशीत आहे. कंपनीनं दिलेलं पंधरवड्याचं काम मी चार दिवसांत उरकणार आणि उरलेले दिवस गार हवेत लोळणार. बाहेर आभाळ तव्यासारखं तापलंय. नदी म्हणून जे काही दाखवतात, त्यात पोरं क्रिकेट खेळतात. अशा मुलखात गार जागा एकच, संघाचा चिलिंग प्लँट. चारा छावण्यांतल्या जनावरांचं दूध इथं येतं, अमोनिया वायूवर चालणाऱ्या यंत्रांनी गार होतं आणि टँकरनं पुढे जातं. टाक्या, कंप्रेसर, वायूचा दाब, धोक्याचा भोंगा आणि शीतगृहाचं दारसुद्धा एका संगणकाच्या ताब्यात आहे. त्याला उन्हाळा सोसत नाही, म्हणून त्याची कोठडी शीतगृहाच्या पोटातच बांधलीय. दुष्काळातल्या माणसांपेक्षा त्याचा थाट बरा.

संघाचे चेअरमन मोहनराव. इस्त्रीचे कपडे, हातात दोन मोबाइल आणि डोक्यात शून्य. मी कर्णिक, संगणकाचा कर्नल बदलायला आलोय, म्हटल्यावर दचकले. आमच्याकडं मिल्ट्रीचं कुणी न्हाई, म्हणाले. मग सोप्या भाषेत सांगितलं, की कर्नल म्हणजे यंत्राचा गाभा. बाकीचे सगळे प्रोग्राम त्याच्या डोळ्यांनी बघतात आणि त्याच्या हातांनी काम करतात. गृहस्थ खुलले. "म्हंजे आमच्या संघात मी हाय, तसा."

अगदी तसाच, म्हणालो. कुठल्या अर्थानं, हे त्यांना कळायचं काहीच कारण नव्हतं.

१६ एप्रिल

आज संगणकाची नाडी बघितली. हसावं की रडावं कळेना. गाभा इतका जुना, की त्यातली भोकं जगभरच्या भुरट्यांना तोंडपाठ असतील. त्यातल्या एका भोकातून तर कुणीही साधा पाहुणा म्हणून आत शिरावं आणि घरमालक होऊन बसावं. ते बुजवणारी दुरुस्ती निघून दोन वर्षं झाली. ती फुकट मिळते. इथं ती कुणी बसवली नाही.

का? तर आधीचा ऑपरेटर बंकट यानं एकदा अपडेट केलं, प्लँट अर्धा दिवस बंद पडला आणि दूध नासलं. मोहनरावांनी त्याला सगळ्यांसमोर असं फाडलं, की त्यानं अपडेट कायमचं बंद करून टाकलं. पुढं नोकरीही सोडली. वर मोहनरावांना घरबसल्या मोबाइलवर दूध बघायची हौस, म्हणून हे यंत्र उघड्या इंटरनेटला जोडून ठेवलंय. गावच्या वेशीवर खाट टाकून दागिन्यांसकट झोपावं, तसं.

कंप्रेसरवर आश्रुबा नावाचा माणूस आहे. पन्नाशीचा, काटकुळा. दर थोड्या वेळानं उठून यंत्रावरच्या, वायूचा दाब दाखवणाऱ्या जुन्या घड्याळी काट्याकडे बघतो आणि मग पडद्यावरचा आकडा बघतो. त्याची बायको छबुबाई दुधाचे कॅन धुते, तेही टँकरच्या उरल्यासुरल्या पाण्यात. दोघं मला सायेब म्हणतात. ऐकायला बरं वाटतं.

१८ एप्रिल

अपडेट झालं. नवा गाभा उतरवून घेतला, माझा पासवर्ड दिला, यंत्र बंद करून सुरू केलं. प्लँट मिनिटभरही थांबला नाही. मोहनरावांनी पेढे मागवले. जिथं प्यायला पाणी नाही तिथं पेढे!

आश्रुबा अजूनही त्या काट्याकडे बघत होता. मी जरा झापलंच. म्हटलं, हा काटा तुझ्या आजोबांच्या वेळचा आहे, पडद्यावर यापुढं बिनचूक आकडा येईल, तोच बघायचा. बिचारा लाजला. "सायेबानं सांगितलं म्हंजे झालं," म्हणाला आणि काट्यावर त्यानं आपणहून पोतं टाकलं. माणसं शिकतात. हळू शिकतात, पण शिकतात.

शीतगृहाच्या दाराला आतून उघडायची मूठ नाही, हे आज लक्षात आलं. फटीतून गारवा जातो म्हणून कधीतरी काढून टाकलीय. आता आत फक्त एक बटण आहे आणि तेही संगणकाच्या मर्जीनं चालतं. अहवालात लिहीन. वाचणार कोण?

२२ एप्रिल

दुपारी अपघात झाला. कंप्रेसरच्या नळीचा सांधा फाटला आणि अमोनियाचा लोट आश्रुबाच्या तोंडावर आला. भोंगा वाजला नाही. छबुबाईनं हातातला कॅन टाकला, ओला पदर नाकाला लावला आणि त्याला बखोटीला धरून बाहेर ओढला. मी लांब उभा होतो. जीपमध्ये घालून अंबाजोगाईला नेलाय. त्याचे डोळे उघडत नव्हते.

पडद्यावर दाब शेवटपर्यंत नॉर्मल होता. मी नोंद तपासली. म्हणजे यंत्राचा दोष नाही. मोहनराव म्हणाले, बिडी ओढत बसला असंल. कंपनीला अहवाल हवा होता. ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं लिहून पाठवला. दुसरं काय लिहिणार? आकडे खोटं बोलत नाहीत.

२३ एप्रिल

सांधा जोडून प्लँट पुन्हा सुरू झाला. आश्रुबाच्या जागी सिदू नावाचा तरणा गडी आलाय. दिवसभर मोबाइलमध्ये डोकं. त्याला काटा म्हणजे काय हेही ठाऊक नाही.

सहज काट्यावरचं पोतं उचललं.

काटा तांबड्या पट्ट्यात होता. पडद्यावर नॉर्मल.

काटा बिघडलाय, असं स्वतःला सांगितलं. मग तालुक्याहून नवा मागवून बसवला. तोही तांबड्यात.

२४ एप्रिल

सिदूला थोडा वायू बाहेर सोडायला लावून दाब हातानं उतरवून घेतला. तो हसत होता. पडद्यावर तर ठीक हाय सायेब, म्हणाला.

संगणकाच्या आणि बाहेरच्या जगाच्या मध्ये माझा लॅपटॉप जोडला आणि वायरीतून जाणारं सगळं ऐकत बसलो. यंत्राला विचारलं, तू कुणाशी बोलतोयस? कुणाशीच नाही, असं उत्तर आलं. माझ्या लॅपटॉपवर मात्र त्याची बडबड धो धो वाहत होती.

म्हणजे गाभाच खोटं बोलतोय. इतर कुठलाही प्रोग्राम खोटं बोलला तर त्याला पकडता येतं, पण पकडायचं ते गाभ्याच्याच डोळ्यांनी. तोच फितूर असेल तर पडद्यावरचा एकही शब्द खरा मानता येत नाही. आकडे नाहीत, नोंदी नाहीत, भोंगा नाही.

आणि १८ तारखेला मी उतरवलेलं ते अपडेट? मागवलं याच यंत्रातून. अस्सल आहे का, याची तपासणीही यानंच केली. ज्यानं आधीच घर बळकावलंय, त्याच्याच हातात मी नवी कुलपं दिली. पासवर्डसकट.

इथली माणसं अडाणी म्हणून मी हसत होतो.

२५ एप्रिल

अंबाजोगाईला दवाखान्यात गेलो. आश्रुबाच्या डोळ्यांवर पट्ट्या आहेत. एक डोळा गेल्यात जमा, दुसऱ्याचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. माझा आवाज ऐकून तो उठून बसायला लागला. सायेब आले, म्हणाला. मी काट्याकडं बघितलं न्हाई सायेब, तुमी म्हणलता तसंच केलं. त्याला वाटलं, मी त्याची चूक काढायला आलोय.

छबुबाई बाहेर व्हरांड्यात भेटली. संघाचं पत्र आलं होतं, निष्काळजीपणामुळे मदत मिळणार नाही म्हणून. ते तिनं कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं.

"कावून लिवलं सायेब तुमी असं? तुमी तर बघितलं हुतं."

उद्यापासून ती पुन्हा कॅन धुवायला येणार आहे. घर चालायला हवं ना, म्हणाली.

२६ एप्रिल

मोहनरावांना सगळं सांगितलं. प्लँट बंद करा, अमोनिया काढा, म्हटलं. त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. सगळे दिवे हिरवे. म्हणाले, दुष्काळात लोकांकडं दुधाबिगर काय हाय? बारा गावचं दूध रस्त्यावर वतू का? आन् अपडेट झालं की कसली भीती न्हाई, हे तुमीच म्हणलता की. पेढे खाल्लते ना?

शेजारी बसलेले दोन संचालक हसले. भ्याले सायेब, म्हणाले. पुण्याचं पाणी.

कंपनीला फोन केला. त्यांच्या लेखी तक्रार निकाली निघालीय, कामगाराचा निष्काळजीपणा. अहवाल माझाच.

जाताजाता इंटरनेटची वायर उपटली. आता बाहेरून कुणाला काही करता येणार नाही.

२७ एप्रिल

वायर उपटलेलीच आहे. तपासली. दोनदा.

तरी दाब चढतोय. काटा पुन्हा तांबड्यात.

शीतगृहात जाऊन यंत्राला बंद हो असा हुकूम दिला. बंद होत आहे, असं लिहून आलं. पडदा काळा झाला. पण पंखा फिरत राहिला. आतला दिवा लुकलुकत राहिला. मी तसाच उभा राहिलो, आणि माझ्या पाठीमागं शीतगृहाचं दार आपलं आपण लागलं. मग उघडलं. पुन्हा लागलं. पुन्हा उघडलं. मी धावत बाहेर पडलो.

कोण आहे? आधी वाटायचं, कुठल्या तरी परक्या देशात खुर्चीवर बसलेला कुणी, ज्यानं घाटनांदूरचं नावही ऐकलेलं नाही. पण वायर तर माझ्या हातात आहे. तिकडे आता कुणीच नाही. जे आहे ते इथं आहे.

सिदूला सांगितलं. दाराचं रबर ढिलं झालंय, म्हणाला.

मेन स्विच पाडायला गेलो, तर त्यावर कुलूप. मोहनरावांनी लावून घेतलंय. माझ्या धास्तीनं.

२८ एप्रिल, रविवार, सकाळ

ठरलं. आत जायचं, संगणकाची डिस्क काढायची आणि बाहेर यायचं. डिस्क निघाली की हे थांबेल. शिवाय खरा दाब काय होता ते तिच्यात कुठंतरी असणारच. ती पुण्याला दुसऱ्या यंत्रावर उघडली, की आश्रुबाचा दोष नव्हता हे सिद्ध होईल. अहवाल मीच बदलीन. माझ्या नावानिशी.

दारात कॅन आडवा घालून जाईन.

दुपार

आत आहे. दार लागलंय. कॅन चेपून आत फेकला आणि लागलं.

बटण दाबतोय. काही नाही.

मोबाइलला रेंज नाही, भिंती जाड. त्याच्याच उजेडात लिहितोय. डिस्क काढली. हातात आहे. आणि तरी पंखा—

पंखा फिरतोय. कंप्रेसरचा आवाज वाढतोय. डिस्क माझ्या हातात आहे. मग हुकूम कोण—

—

बोटं वळत नाहीत. श्वासाची वाफ. बाहेर चव्वेचाळीस डिग्री असेल.

टँकर आलाय वाटतं. बायकांचा कालवा, घागरी. सगळे तिकडं पळाले असणार. दारावर कॅन आपटतोय. कुणी—

—

वास येतोय. डोळे चुरचुरतात. अमोनिया. थोडा. नाही, थोडा नाही.

भोंगा गप्प.

—

छबुबाई! तिचा आवाज. दाराशीच आहे. आत कोन हाय, म्हणते. ओरडलो. घशातून आवाज निघत नाही. कॅन आपटला. पुन्हा आपटला.

ती सिदूला हाका मारतेय. आला. म्हणतो, पडद्यावर बघ की मावशी, दार उघडं दाखवतंय, आत कुनी न्हाई, कंप्रेसर ठोकतोय.

ती ऐकत नाही. दार ओढतेय. म्हणते, ह्ये तर लागलंय. सिदू म्हणतो, अगं हिरवा हाय, उघडंच हाय—

मोहनरावांना फोन लावलाय त्यानं. मोठ्या आवाजावर. ऐकू येतंय. ते म्हणतात, थांब, बघतो. बघताहेत. वायर तर उपटलेली, मग मोबाइलवर दिसतंय काय? म्हणतात—

सगळं ठीक हाय. दाराला हात लावू नगा, गारवा जाईल. कर्णिक सायेब तर सकाळच्याच गाडीनं गेल्याची नोंद—

मी गेलो नाही. मी इथं आहे. छबुबाई, मी—

तिची पावलं. लांब चाललीत की जवळ, कळत—