नवा गाडीला, जुना पेटीत

३ फेब्रुवारी

पठारावर जाणारं फाटक वीस तारखेला उघडणार. चौकीवरच्या हवालदारांनी आज फोनवर स्वतः सांगितलं. दोन गाड्या असतील तरच आत सोडणार; पुढचे नऊ दिवस ना गॅरेज, ना पेट्रोलपंप, ना माणूस. दुसरी गाडी दातांच्या डॉक्टरीणबाई आणि त्यांच्या यजमानांची. पहिली आमची — म्हणजे दादाची. तो चालवणार, मी शेजारी बसून नकाशा बघणार.

पठाराच्या पलीकडच्या टोकाला बाबांनी जमीनमोजणीच्या वेळी रोवलेला दगड आहे. त्यावर आम्हा भावंडांसाठी काहीतरी कोरलंय म्हणायचे. काय, ते कधी सांगितलं नाही. "जाऊन बघा!" दादा सत्तरीला टेकला, मी पासष्टची. आता नाही तर राहिलंच.

५ फेब्रुवारी

दादाचा नियम — जादा सुटा भाग विकत आणून तसाच बरोबर न्यायच्या पेटीत टाकायचा नाही. नवा आधी गाडीला बसवायचा, फिरवून आणायचा, आणि निघालेला जुना पेटीत ठेवायचा. "जुन्याने काम करून दाखवलंय. नव्याने नुसतं खोकं दाखवलंय."

बरं, बसवायचं कोणी? मी! हा उलट्या बादलीवर बसून हुकूम सोडणार. रेडिएटरचे दोन पाइप बदलायला अडीच तास लागले.

"संपादकीणबाई, एवढ्या वेळात तुमचा अख्खा अंक छापून झाला असता."

"छापखान्यात निदान चहा तरी मिळायचा!"

उठून चहा केला त्याने. साखर विसरला.

६ फेब्रुवारी

अंग आंबलंय. पाना धरल्यासारखंच पेन धरतेय.

९ फेब्रुवारी

पंख्याचा नवा पट्टा चढवला — सैल! ताणायचा बोल्ट शेवटपर्यंत सरकवला तरी लोंबतोच. दादा दुकानदारावर उखडला. पण पुडक्यावरचा आकडा आमच्या चिठ्ठीप्रमाणेच होता. जुना पट्टा पुसून उजेडात धरला. शेवटचा आकडा तीन. चिठ्ठीत आठ. चिठ्ठी दादाच्या हातची.

"घाईत झालं असेल," म्हणाला. घाई? हा माणूस नट दोनदा मोजतो!

आणि मी? तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडून पगार घेतला. तीच चिठ्ठी मी स्वतः दुकानात नेऊन दिली — न वाचता. बसवून बघितला नसता, तर हा पट्टा आमच्याबरोबर पठारावर आला असता आणि तिथे कळलं असतं.

संध्याकाळी कोपऱ्यावरचे मिस्त्री बरोबर आकड्याचा पट्टा घेऊन आले. मी गाडीखाली होते. त्यांचा आवाज ऐकू आला, "ताईंना सांगितलंत का?"

"बघू," दादा म्हणाला.

पट्ट्याचंच काहीतरी असणार. आता काय दर चुकीला मला हजर राहायचं?

१२ फेब्रुवारी

आज वजन. न्हाणीघरातला काटा अंगणात आणला आणि एकेक वस्तू तोलली — पेटी, दोन जॅक, स्प्रिंगचे जादा पाटे, पाण्याचे डबे, शेवटी आम्ही दोघं. गाडीला झेपेल त्यापेक्षा अठ्ठेचाळीस किलो जास्त! मी दुसरा जॅक बाजूला काढला. दादाने परत ठेवला. पाण्याला हात लावला तर ओरडलाच.

"मग काढायचं काय?"

"काढू काहीतरी. तू पाने गुंडाळ."

ते मात्र झकास जमलं. जाड कापडाला कप्पे शिवलेत, प्रत्येक पाना आपापल्या घरात. डोळे मिटून हवा तो काढता येतो. दादाने खरंच डोळे मिटायला लावले — दहापैकी नऊ बरोबर.

१५ फेब्रुवारी

चाक बदललं, अठरा मिनिटांत! मिस्त्री म्हणाले, "ताई, उद्यापासून कामावर या."

मग खडीच्या खाणीचा उतार. दादाने किल्ली माझ्याकडे फेकली. "पहिल्या गिअरवर सोड, ब्रेकला पाय लावू नकोस." स्वतः मात्र गाडीत बसला नाही. वर उभा राहून हात हलवत होता. तीनदा उतरले, तीनदा चढले. तिसऱ्यांदा भीती वाटली नाही. फार दिवसांनी स्वतःचं कौतुक वाटलं.

१८ फेब्रुवारी

पेटी बंद. झाकणाच्या आत माझ्या अक्षरात यादी चिकटवली. मोठ्या अक्षरात लिही म्हणाला. लिहिली.

१९ फेब्रुवारी

दादा येणार नाही. डोळ्याचा पडदा दुबळा झालाय — धक्के नकोत, स्टिअरिंग तर नाहीच. डॉक्टरांनी महिन्यापूर्वीच बजावलं होतं. मिस्त्रींना माहीत होतं, मला नाही! सकाळी त्याने आपली बॅग खाली उतरवली आणि म्हणाला, "घे, झालं वजन."

भांडले. जाणंच रद्द म्हटलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुला बसवून, चालवून बघितलंय मी. काही अडलं तर फोन कर. हा जुना पेटीत आहेच."

उद्या सहाला निघते. रोज संध्याकाळी सातला उपग्रह फोनवरून बोलायचं. पाचव्या दिवशी दगड. जे कोरलंय ते त्याला अक्षर न् अक्षर वाचून दाखवायचंय — या वेळी नीट बघून.