पाच गोलंदाज, एक अंगठा

४ सप्टेंबर, बुधवार

आज दुकानात पुन्हा तेच! चष्म्याच्या दुकानात माणसं चष्मा करायला येतात, असा माझा इतकी वर्षं समज होता. एक रिटायर झालेले पोस्टमास्तर तपासणीच्या खुर्चीत बसले. मी म्हटलं, तिसरी ओळ वाचा. तर म्हणाले, "बाई, माझं राहू द्या, आधी त्या निवड समितीचे डोळे तपासा!" सगळं दुकान हसलं. मालक तर काउंटरमागे खाली वाकून हसत होते. त्यांना ठाऊक आहे ना, की त्या समितीतल्या पाचांपैकी एकाचा डबा मी सकाळीच भरून दिलाय!

तिसरी ओळ पोस्टमास्तरांना काही वाचता आली नाही. पण कसोटीत सहाव्या नंबरला कोण हवा, ते मात्र त्यांना लख्ख दिसत होतं.

७ सप्टेंबर, शनिवार

चिरंजीव आले! दारातच किटबॅग टाकली, नेहमीसारखी, मी अडखळून पडावं म्हणून. वाळलाय. या मोसमात धावांचा नुसता ढीग घातलाय, आणि येत्या शुक्रवारी दौऱ्याचा संघ निवडायचाय. एकोणतीस संपत आलं त्याचं. यंदा नाही तर मग कधीच नाही, हे आम्हा तिघांनाही कळतं, म्हणून तिघंही गप्प.

घरात क्रिकेट काढायचं नाही. हे समितीवर गेले तेव्हाच यांनी तसं ठरवलं. मीटिंगमध्ये चिरंजीवांचं नाव निघालं की यांनी उठून बाहेर जाऊन बसायचं, असा तिथला नियम. मी एकदा विचारलं, बाहेर बसून करता काय? "चहा पितो." आजवर दोनदा प्यायले. दोन्ही वेळा नाव काही पुढे सरकलं नाही.

मग बापलेक बोलणार कशावर? आज न्हाणीघराच्या गळक्या नळावर बोलले. वॉशर बदलायचा की अख्खा नळ — इतक्या पोटतिडकीनं, की मीच उठून बाहेर गेले.

८ सप्टेंबर, रविवार

दादा जेवायला आला. माझ्या भावाला कुठलाच नियम लागू नाही. मासळी वाढायच्या आत त्यानं अकरा जण जाहीर केले आणि सहाव्या नंबरला, चिरंजीवांच्या जागेवर, म्हणे, "दाढीवाला!" सख्खा मामा! भाचा समोर बसलेला! मी डाव आपटला ताटात.

चिरंजीव हसून म्हणाले, "मामाचं बरोबर आहे. फिरकीला दाढीवाला माझ्यापेक्षा सरस आहे."

"पण स्लिपमध्ये तुझ्यासारखा नाही," दादा म्हणाला. चिरंजीव पाणी प्यायले.

हे इतका वेळ काटे काढत होते. शेवटी राहवलं नाही. "सहावा फलंदाज हवाच कशाला? पाच गोलंदाज खेळवा."

झालं! पाच गोलंदाज घेतले की सहाव्या नंबरची जागाच गेली, म्हणजे कोणाची गेली? पाच गोलंदाज हे यांचं जुनं खूळ. मला बघायला आले तेव्हाही माझ्या वडिलांना तेच पटवत होते, माझ्याकडे बघितलं ते शेवटी निघताना. तरीपण! दादा गेल्यावर मी धारेवर धरलं. म्हणाले, "मॅच जिंकायला वीस बळी लागतात गं. मुलगा सहाव्या नंबरला खेळतो म्हणून काय आता पंधरा पुरतील?"

बरोबर आहे. बरोबर असतं म्हणूनच जास्त राग येतो या माणसाचा.

९ सप्टेंबर, सोमवार

पोरगा डाव्या हातानं खात होता. कालही जेवताना उजवा हात मांडीवरच होता, आत्ता आठवतंय. मी मुद्दाम लोणच्याची बरणी पुढे केली, म्हटलं झाकण उघड. घेतली, आणि तशीच परत दिली. "दाखव." नाही म्हणाला. "दाखव म्हणते ना!"

उजवा अंगठा. काळानिळा, टम्म! शेवटच्या मॅचला स्लिपमध्ये झेल घेताना लागला. झेल घेतला म्हणे, सोडला नाही. तिकडेच गुपचूप एक्स-रे काढला — तडा गेलाय. डॉक्टरनं बॅटला हात लावायचा नाही म्हणून बजावलंय, आणि हा म्हणतो पट्टी बांधून खेळेन, फिटनेसच्या वेळी नुसतं पळवतात, अंगठा कोण बघतो!

"आई, कोणाला सांगू नकोस. बाबांना तर नाहीच नाही." माझा हात धरून मला शपथ घातली. माझ्या हातात त्याचा तो अंगठा, गरम लागत होता.

१० सप्टेंबर, मंगळवार

नाही सांगितलं.

११ सप्टेंबर, बुधवार

नाही सांगितलं. पण घास उतरत नाही. यांनी विचारलं, बरं नाही का? म्हटलं, पित्त झालंय. दुकानात एका बाईंना त्यांच्या नवऱ्याचा चष्मा दिला. त्या घालून गेल्यासुद्धा!

१२ सप्टेंबर, गुरुवार

सांगितलं.

सकाळी चिरंजीव शर्टाची बटणं लावत होते. दार लोटलेलं होतं, मला फटीतून दिसलं. एकेका बटणाला ओठ चावत होता. या हातावर एखादा उसळता चेंडू बसला तर? संघ गेला खड्ड्यात, माझ्या पोराचा हात आहे तो! हे उद्यासाठी शर्टाला इस्त्री करत होते. मी गेले आणि घडाघडा बोलून मोकळी झाले.

मला वाटलं ओरडतील. इस्त्री उभी करून ठेवली आणि पलंगावर बसले. "हे मला का सांगितलंस गं?" इतक्या हळू आवाजात बोलले, की मला ओरडा परवडला असता. "उद्या मी बाहेर बसेन. पण आता मला माहीत आहे. स्लिपमध्ये पहिलाच झेल सुटला, तर तो काय फक्त त्याचा असतो? गोलंदाजानं त्यासाठी जीव काढलेला असतो."

मग म्हणाले, "मला सांगायला काय झालं होतं त्याला?" ज्या घरात नळाशिवाय विषय नाही, तिथे पोर सांगणार कुठून? मनात आलं ते बोलूनही टाकलं. यांनी मान हलवली नुसती. इस्त्री मीच पुरी केली.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

घरी आले ते बूटही न काढता स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले.

पाच गोलंदाज हरले. समितीनं सहा फलंदाज ठरवले. मग सहाव्या नंबरची चर्चा सुरू झाली, चिरंजीवांचं नाव निघालं, हे उठून बाहेर गेले. चहा आला, तो अर्धाही प्यायला नव्हता, तोच अध्यक्ष स्वतः बाहेर आले. दोन्ही हात पुढे केलेले! "अभिनंदन! चौघांचंही एकमत. एक शब्द वाद नाही."

एक शब्द वाद नाही! माझ्या बाळासाठी!

"मग?" मी विचारलं.

"मग मी सांगितलं, त्याचा अंगठा मोडलाय."

नंतर आत दाढीवाल्याचं नाव लिहिलं. हे सिंकपाशी हात धुवत राहिले. साबण लावायचा, धुवायचा, परत लावायचा. मी नळ बंद केला. म्हणाले, "तू मध्ये पडू नकोस. मला दिसला अंगठा, मी सांगितलं. त्याचा राग माझ्यावर असू दे. तुझ्यावर नको. कोणीतरी एक हवं ना त्याला घरात."

मी भांडले असते. पण हे बूट काढायला बाहेर गेलेसुद्धा.

१४ सप्टेंबर, शनिवार

संघ जाहीर झाला. नाश्त्याला हे चिरंजीवांना म्हणाले, "तुझा अंगठा माझ्या लक्षात आला. मीच सांगितलं." खोटं! खेळायचा तेव्हा पायचीत झाला की अंपायरनं बोट वर करायच्या आधी चालू लागणारा हा माणूस, आणि माझ्यासाठी किती सफाईनं खोटं बोलला! चिरंजीव म्हणाले, "हं." आणि खाली मान घालून ताट उचलून आत गेले.

दादाचा फोन. रडत होता. "मला तोच हवा होता गं. घरच्यांनी संघात घुसवला असं कोणी म्हणू नये म्हणून दाढीवाला दाढीवाला करत होतो." मामा आहे खरा. वेडा आहे, पण मामा आहे.

दुकानात एक गिऱ्हाईक ऐटीत सांगत होतं, "बापानंच पोराचा पत्ता कापला." मी त्याच्या काड्या अशा घट्ट करून दिल्या, की संध्याकाळपर्यंत कान दुखावेत!

१६ सप्टेंबर, सोमवार

हाताला प्लास्टर घातलं. हे गाडी काढत होते, तर चिरंजीव म्हणाले, नको, बसनं जातो. हे चावी हातात घेऊन फाटकात उभे. घरात दोघं एकमेकांना वाट देतात, पाहुण्यांसारखे. आता नळावरही बोलत नाहीत.

माझं मला सहन होत नाही. करायचं मी आणि भरायचं यांनी!

१७ सप्टेंबर, मंगळवार

सांगून टाकलं पोराला. एका हातानं मोजा चढवत होता, मी खाली बसून चढवून दिला आणि वर न बघताच म्हटलं, "बाबांना काही दिसलं नव्हतं रे. मी सांगितलं. शपथ मोडून. त्यांच्यावर राग धरू नकोस."

"राग?" म्हणाला. "त्यांच्याकडे बघायची लाज वाटते मला. माझ्या तोंडून निघत नव्हतं, ते त्यांना बोलावं लागलं."

आणि मग हसला की! संघ जाहीर झाल्यापासून पहिल्यांदा. "आई, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या खानदानाला माहीत आहे. मला खरंच लपवायचं असतं, तर तुला सांगितलं असतं का?"