मोकळी जागा बोलते

सोमवार, ३ मार्च. सकाळी ७.१०

ठेव. खाली ठेव ती वही. तू वाचतेस हे मला माहीत आहे, धाकटे. मागच्या पानावर 'संवेदनविश्व' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारून बाजूला प्रश्नचिन्ह काढलंय. ते मी काढलेलं नाही, आणि बाबांना चष्म्याशिवाय वही कुठली आणि ताट कुठलं तेही कळत नाही. ही रोजनिशी फक्त माझ्यासाठी आहे. सख्ख्या बहिणीलाही इथे प्रवेश नाही. विषय संपला.

आता कामाचं. दवाखान्याच्या दारावर नोटीस लागली. महिनाअखेर बंद. पेशंटांनी हायवेपलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात जावं. म्हणजे दोन बस आणि एक पूल. बाबा दिवसाआड दवाखान्यात वाफ घ्यायला जातात. घरापासून एकशे दहा पावलं, मध्ये दोनदा थांबून. नोटीस वाचून आले आणि म्हणाले, चला, या वयात प्रवास घडणार. मग अर्धा तास खोकले.

तिथल्या रिटायर्ड नर्सबाई वॉर्डातून उभ्या राहतायत. मुद्दा एकच. दवाखाना बंद करायचा ठराव एका मताने पास झालाय. त्या निवडून आल्या तर फिरतो. समोर काँट्रॅक्टर. त्याला त्या जागेवर पार्किंग बांधायचंय.

ठरवलं. मी राजकारणात उतरतोय. या वॉर्डात माणसं आहेत, चीड आहे. कमी आहे ती भाषेची.

बुधवार, ५ मार्च

नर्सबाईंच्या पुढच्या खोलीत पहिली मीटिंग. आठ खुर्च्या, अकरा माणसं. मी उभा राहिलो. उभ्याने निरीक्षण चांगलं होतं. (पाय दुखतायत.)

नर्सबाईंनी विचारलं, तुम्ही काय करता? म्हणालो, लिहितो. काय लिहिता? मी श्वास घेईपर्यंत धाकटीने सांगून टाकलं की मिक्सरच्या खोक्यात पुस्तक असतं ना, ते. सगळे हसले. हसा. त्या पुस्तकाच्या चार लाख प्रती घराघरांत आहेत. कुठल्या कवीच्या आहेत?

मला प्रचाराचं मेसेजिंग मिळालं. म्हणजे मी मागितलं. दुसऱ्या कोणाला नको होतं. धाकटीला घरोघर फिरायचं काम. तिने तिथल्या तिथे कागदावर लिहिलं: 'दवाखाना बंद होतोय. २६ तारखेला नर्सबाईंना मत द्या.' मी प्रेमाने समजावलं की बाळ, ही माहिती झाली, संदेश नाही. माहितीने माणूस हलत नाही. ती म्हणाली, मग मिक्सर कसा हलतो रे दादा?

वाद घातला नाही. थकलो होतो.

शनिवार, ८ मार्च

संकल्प: रोज दहा घोषणा. आजच्या तीन.

'श्वास हा हक्क आहे.' (छान. पण नर्सबाई कुठे आल्या त्यात? बघू.)

'आपण सारे एकाच प्रतीक्षालयात.' (खोल.)

'त्या बाकाला अजून तुमची ऊब आठवते.' (लिहिताना माझेच डोळे भरून आले. ठेवायचीच.)

बाबांना वाचून दाखवल्या. तिसरी ऐकून म्हणाले, साहेब, त्या बाकाचा एक पाय गेलाय, खाली वीट लावलीय, ते आधी लिहा. बाबा मला चिडले की साहेब म्हणतात. खूश असले तरी साहेबच म्हणतात. कळायला मार्ग नाही.

उरलेल्या सात उद्या.

रविवार, ९ मार्च

घोषणा राहिल्या. आज थेट जनतेत गेलो, धाकटीबरोबर. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं दार मी घेतलं. विचारलं, आपल्या मनात वॉर्डाची काय प्रतिमा आहे? त्या म्हणाल्या, मीटर जिन्यात आहे. मी म्हणालो, मी मीटरवाला नाही. शेजारच्या दारातून धाकटी ओरडली, काकू, तो मिक्सरवाला!

काकूंचा चेहराच उजळला. त्यांच्या मिक्सरचं झाकण वर्षभर बसत नव्हतं. पान सहा: खाच बाणासमोर आणून उजवीकडे फिरवावी. फिरवलं. बसलं. मग त्यांच्या जावेचा मिक्सर. मग चहा. चाळीस मिनिटांनी खाली उतरल्यावर लक्षात आलं की निवडणुकीचं बोलायचं राहिलं. हरकत नाही. विश्वास तर कमावला.

धाकटीची तेवढ्यात बावीस दारं झाली होती. तिचा भर आकड्यांवर. माझा खोलीवर.

मंगळवार, ११ मार्च

ऑफिसातून अर्धा दिवस काढून प्रेसमध्ये. प्रेसवाले काका कंपोझ झालेला कागद बघायलाही उचलत नाहीत, सरळ कटरखालच्या पोत्यात सोडतात. वर बोर्ड: 'मूळ प्रत परत मिळणार नाही.' काय ओळ आहे! माझ्या कवितासंग्रहाला घ्यावी.

पोस्टर फायनल. वर एकच प्रश्न: 'अडचणीत आधी कोण धावून येतं?' खाली सगळं कोरं. शुक्रवारी लावायची, दोन दिवस वॉर्ड विचार करेल. कोण? कोण? आणि रविवारी आम्ही त्या कोऱ्या जागेत नर्सबाईंचा फोटो चिकटवणार. मोकळी जागा बोलते. हे काकांना सांगितलं तर ते म्हणाले, अहो, नाव तरी टाका. धाकटीला सांगितलं तर म्हणाली, दवाखाना हा शब्द तरी टाक. दोघांची इयत्ता एकच.

नर्सबाई मात्र म्हणाल्या, तुम्हाला त्यातलं कळतं. बस. एवढंच हवं असतं माणसाला.

शुक्रवार, १४ मार्च

साठ पोस्टर लावली. शिडीने पाठ गेली. लोक थांबून बघतायत. एकाने विचारलं, ही जागा जाहिरातीला भाड्याने द्यायची आहे का? म्हणजे कुतूहल चाळवलंय.

रविवार, १६ मार्च. सकाळी ८

फोटोंचा गठ्ठा आणि खळीची बादली घेऊन निघालो. पहिल्याच पोस्टरवर काँट्रॅक्टर. हात जोडून, हसत. दुसऱ्यावरही. साठच्या साठ. 'अडचणीत आधी कोण धावून येतं?' खाली तो. कडेला कडा जुळवून, एक सूतसुद्धा इकडेतिकडे नाही. त्याच्या मेव्हण्याने शनिवारी टेप लावून मापं घेतली म्हणे.

दुपारी १

काँट्रॅक्टर कोपऱ्यावर भेटला. म्हणाला, भाऊ, वाक्य फार भारी होतं, कोणाचं? खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. एखादी ओळ पक्षांच्या पलीकडे जाते तेव्हाच ती साहित्य होते.

धाकटी सकाळपासून माझ्याशी बोलत नाही. वहीत मात्र पेन्सिलीची नवी रेघ आहे.

सोमवार, १७ मार्च

मीटिंग. मी स्पष्टीकरणाचे चार मुद्दे नेले होते. नर्सबाईंनी एकही ऐकला नाही. विचारलं, बाबांचा दम्याचा पंप नवा आणलात का? नव्हता आणला. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

मेसेजिंग काढून घेतलं. म्हणजे ते पूर्ण झालं. नवी जबाबदारी: यादी. जिना चढू न शकणारी सव्वीस माणसं. मतदान शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. प्रत्येकाला घरातून आणायचं, खुर्चीत बसवून वर न्यायचं, परत सोडायचं. नर्सबाईंनी आठवून आठवून सांगितलं, धाकटीने लिहिलं: कोण, कुठला मजला, कोणाला पाठीला धरायचं नाही, कोणाला ऑक्सिजन. यादी एकच. फोनवर फोटो काढायचा नाही, असं नर्सबाई म्हणाल्या. कोणाला काय आजार आहे हे वॉर्डभर फिरायला नको. तो कागद माझ्या हातात दिला.

शेवटचं नाव बाबांचं.

बुधवार, १९ मार्च

काही नाही. 'पाते फिरत असताना हात घालू नये' या वाक्याकडे ऑफिसात चार तास बघत बसलो. यात काय सुधारणार? काहीच नाही. थकवा.

संकल्प: उद्या यादीतल्या सगळ्यांना भेटून वेळा ठरवायच्या.

शनिवार, २२ मार्च

भेटणं राहिलं, कारण आज बसस्टॉपवर अचानक भाषण आलं! नर्सबाईंचं विजयाचं भाषण. असं वर्षातून एकदा येतं. बॅगेत हाताला लागेल त्या कागदावर सलग उतरवलं. पान भरलं. शेवट तर असा आहे की शत्रूसुद्धा टाळ्या वाजवेल. तसाच प्रेसमध्ये दिला. काका मोठ्या टाइपात काढून देणार आहेत, नर्सबाईंना स्टेजवर चष्मा लागायला नको. असं बारीक बारीक कोणी बघत नाही. मी बघतो.

मंगळवार, २५ मार्च. संध्याकाळी ६

भाषण आलं. देखणं आहे.

यादी बॅगेत नाही. असेल कुठेतरी.

६.४०

कपाटात नाही. बाबांच्या गादीखाली नाही. बाबा म्हणाले, साहेब, मला उठवून काय शोधताय? म्हणालो, काही नाही, चादर नीट करतोय.

७.१५

प्रेसमध्ये जाऊन आलो. काकांनी बोर्डाकडे बोट दाखवलं. पोतं काल रद्दीत गेलं. मागच्या बाजूला कायतरी नावं होती बुवा, म्हणाले.

आज नर्सबाईंना सांगून त्यांची झोप कशाला मोडा? मला बरीचशी आठवतेय. नऊ तर नक्की.

बुधवार, २६ मार्च

७.०० शाळेसमोर. धाकटीने यादी मागितली. म्हणालो, गेली. कुठे गेली? मी रस्त्यापलीकडे काँट्रॅक्टरच्या टेबलाकडे बघितलं. नुसतं बघितलं. तोंडातून एक शब्द काढला नाही.

७.०५ धाकटी रस्ता ओलांडून गेली. आजाऱ्यांची यादी चोरता, लाज नाही वाटत? असं सगळ्या रांगेसमोर. काँट्रॅक्टर म्हणाला, ताई, पोरांची शपथ, मी कुठल्या कागदाला हात लावला नाही. इतक्या कळवळून म्हणाला की मलाच वाटलं, यानेच नेली असणार.

७.४० आठवलेल्या नवांपैकी तिघं चुकीच्या बिल्डिंगमध्ये. एकजण दोन वर्षांपूर्वीच वारलेत. त्यांच्या सूनबाईंनी पाणी दिलं.

११.०० नर्सबाई पुन्हा आठवून सांगतायत. डोळे मिटून, बोटांवर मोजत. कोण कुठल्या मजल्यावर ते मागेपुढे होतंय. धाकटी पळतेय. एका खुर्चीला चार माणसं लागतात.

२.३० बाराजण झाले. बाबांना न्यायला गेलो. नवा शर्ट घालून तयार होते. म्हणाले, आपल्या घरचं काम आहे ना हे? मग आधी बाकीचे. आपण शेवटी.

४.३५ सतरा. खांदे गेले.

५.०० गेट बंद झालं. बाबा गेटच्या बाहेर, खुर्चीत. शिपायाला म्हणाले, असू दे, तुम्ही तुमचं काम करा. मग आम्ही त्यांना तसंच घरी आणलं.

गुरुवार, २७ मार्च

सहा मतांनी पडलो.

नऊजण राहिले. पण नवाच्या नवांनी आपल्यालाच मत दिलं असतं कशावरून? गुप्त मतदान असतं. बाबांचंसुद्धा गृहीत धरणं लोकशाहीत बसत नाही.

भाषण कपाटात ठेवलं. पाच वर्षांनी लागेल.

गुरुवार, ३ एप्रिल. सकाळी ६.४०

दवाखान्याला कुलूप. बाक बाहेर काढून ठेवला होता, काल वीट तेवढी उरली. आज बाबांना पहिल्यांदा हायवेपलीकडे न्यायचंय. सातची बस.

धाकटे, तू झोपली आहेस. उशाशी तक्रारअर्ज आहे. मी वाचला. (तू माझं वाचतेस, मी तुझं वाचलं, फिटलं.) 'काँट्रॅक्टरच्या माणसांनी रुग्णांची यादी चोरली.' खाली तुझी सही, आणि साक्षीदार म्हणून माझं नाव. दहा वाजता तू तो देणार. नर्सबाईंनाही बरोबर नेणार आहेस.

तेव्हा मी असं लिहिलं:

'सदर यादी धावपळीत गहाळ झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' (खोडलं.)

'काही कागद इतिहासाच्या पोत्यात जातात.' (खोडलं. चांगली आहे, पण खोडलं.)

'प्रेसवाल्या काकांच्या पद्धतीमुळे' (अर्ध्यात खोडलं. बोर्ड होता. मी वाचला होता.)

यादी मी हरवली. भाषण तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं आणि प्रेसला दिलं. काँट्रॅक्टरने काही चोरलं नाही.

सुधारणा नाही. एवढंच आहे.

वही तुझ्या अर्जावर ठेवतोय, उघडी, याच पानावर. दहाच्या आधी वाच. पेन्सिल बाजूला आहे, काय रेघा मारायच्या त्या मार. फोन घरीच ठेवलाय, चार्जिंग नाहीये. आहे, पण घरीच ठेवलाय.

बाबा जिन्यात पोचले. दोन पायऱ्या उतरून थांबलेत, खालून हाक मारतायत, साहेब, येताय की मी एकटा जाऊ?

तू कूस बदललीस. निघालो.