अण्णाने दोर सोडला नाही

७ जुलै १९४६, रविवार. जामखेड

सकाळपासून पडवीत खळीचा वास. अण्णा आणि त्याचा मित्र रंगनाथ वावडी, म्हणजे दांडगा पतंग, चिकटवताहेत. अण्णाहून हातभर उंच झाली आहे. कामट्या बांधल्या, वर कागद, कडेला धोतराच्या पट्ट्या. वहिनी म्हणाली, "कचेरीतला मनुष्य, आणि हे काय मांडलंय!" अण्णाला ऐकूच गेलं नाही. खुशीत आहे. इतका खूश लग्नातसुद्धा नव्हता, असं वहिनीच म्हणाली. हसत म्हणाली. बहुतेक.

तरी अण्णा तो अण्णाच. दाराची कडी लावून झाली की परत येऊन ओढून बघणारा. इथेही त्याचे नियम आहेत. हाताला चामडं बांधल्याशिवाय दोर धरायचा नाही. मनगटाला वेढा घ्यायचा नाही. पोरंसोरं लांब. ढगात वीज लवली की वावडी खाली. आणि ओढ आवरेनाशी झाली की दोर सोडून मोकळं व्हायचं. "वावडी दुसरी करता येते. हात दुसरा करता येत नाही." रंगनाथ मान डोलावतो आणि मिशीत हसतो.

११ जुलै, गुरुवार

शाळेतलं शिकवणं आटपून माळावर गेले. वावडी चढली होती. तिला वर एक पट्टी लावली आहे, ती वाऱ्यात घुमते. गावात विहिरीवरच्या बायकांनाही ऐकू आलं म्हणे.

अण्णाने मला दोराला हात लावू दिला. गाय हंबरताना तिच्या गळ्याला हात लावला की आतून जसं जाणवतं, तसं काहीतरी. मी हात काढून घेतला. का, कोण जाणे. भीती म्हणावी तर नव्हती.

१४ जुलै, रविवार

अण्णा पडला. उजवा पाय मोडला. चामडं फाटून तळहात सोलले आहेत. शुद्धीवर आहे. वावडी गेली.

आज लिहवत नाही.

१५ जुलै, सोमवार

काल झालं ते जसं पाहिलं तसं लिहिते, म्हणजे मला तरी उमजेल.

दोर अण्णाच्या हातात, त्याच्यामागे रंगनाथचे दोघे चुलतभाऊ. टोक बाभळीला बांधायला रंगनाथ मागे गेला होता. बांधून व्हायच्या आत पश्चिमेकडून धुळीचा लोट आला. रंगनाथ ओरडला, "सोडाऽ! सोडा!" त्या दोघांनी सोडला. अण्णाने नाही. आधी घसरत गेला, मग पाय जमिनीवरून सुटले. काटेरी कुंपणाच्या वरून, चांगला माणूसभर उंच. पलीकडे खडकावर आदळला, तेव्हा कुठे दोर सुटला.

मी धावत होते. वर असताना त्याचा चेहरा दिसला. घाबरलेला नव्हता, एवढं नक्की.

नक्की? धूळ किती होती.

१८ जुलै, गुरुवार

रंगनाथ आला. पायरीवरच बसला, आत ये म्हटलं तरी येईना.

"बाई, म्या वरडलो हुतो. तुमी ऐकलं ना?"

"ऐकलं."

"मंग त्येनी का न्हाई सोडला? माझ्याकडं वळून बगितलं त्येनी. बगितलं, आन पुन्यांदा वर बगाया लागले."

मी चहा दिला, तो निवून गेला. जाताना म्हणाला, "का बगितलंच न्हाई? डोळ्यांत लई माती गेल्ती. आता माजाच मला इस्वास न्हाई ऱ्हायला."

२१ जुलै, रविवार

दवाखान्यातले डॉक्टर घरी येऊन पट्ट्या बदलून गेले. पाय बसेल म्हणतात. तळहात भरायला वेळ लागेल, लेखणी धरायला त्याहून जास्त. जाताना कौतुकाने म्हणाले, "मनगटाला वळसुद्धा नाही. दोर कुठे अडकला नव्हता, नशीब समजा."

वहिनीच्या हातात गरम पाण्याचं भांडं होतं. ती तशीच उभी राहिली. अडकला नव्हता. म्हणजे सोडता आला असता.

डॉक्टरांना ते कळलं नाही. तिला कळलं. मला कळलं.

२३ जुलै, मंगळवार

वहिनी देवळात गेल्यावर अण्णाला सरळ विचारलं.

"रंगनाथ ओरडला ते ऐकू आलं नाही का?"

"आलं."

"मग?"

"सोडणारच होतो." बांधलेल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाला, "सोडला असंच वाटलं मला, कुसुम."

हे कसं? सोडला असं वाटतं आणि माणूस कुंपणावरून जातो?

मी उठले तेव्हा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "पाय सुटले ना, तेव्हा मला कसलीच काळजी राहिली नव्हती." मग पाणी मागितलं. मी पाजलं, त्याचे दोन्ही हात बांधलेले.

कसली काळजी? घरात आहे काय काळजी करण्यासारखं? आम्ही त्याला काही त्रास दिला का? आठवून बघते आहे, सापडत नाही.

२८ जुलै, रविवार. दिव्यांची अवस

वहिनी समया घासत होती. घासून लख्ख झालेली परत घ्यायची. मी शेजारी वाती वळत होते.

"वन्सं, मी यांना विचारलं, वर गेलात तेव्हा माझी आठवण झाली का. माणसाने खोटं तरी बोलावं. म्हणाले, आठवत नाही."

मी आपलं काहीतरी म्हटलं. पुरुष असेच, बेफिकीर.

"बेफिकीर असते तर मी हूं की चूं केलं नसतं. सात वर्षं बघतेय, विहिरीत डोकावताना मला मागे ओढतात. मला ओढतात, आणि स्वतः..."

हातातली समई जोराने घासायला लागली. मला तिचा राग पटतो. पण अण्णाचा राग येत नाही. दोन्ही एकदम कसं पटतं? शाळेतल्या पोरींनी असं उत्तर दिलं तर मी खोडून टाकीन.

३१ जुलै, बुधवार

रंगनाथने पंचमीसाठी नवी वावडी केली आहे. भीतभीतच सांगायला आला. अण्णा म्हणाला, "मला गाडीतून ने. नुसता बघेन." मला वाटलं आता वहिनी कडाडणार. ती म्हणाली, "जाऊ. मी पण येते."

रंगनाथ माझ्याकडे बघू लागला. मी छपराकडे.

२ ऑगस्ट, शुक्रवार. नागपंचमी

वारूळ पुजून तशाच माळावर गेलो. पोरींचे झोके, फेर, सगळं गाव बाहेर. अण्णा गाडीत, पायाला कामट्या, पाठीशी गवताचा भारा. आज काही कापायचं, चिरायचं नाही, म्हणून रंगनाथने कोयतासुद्धा आणला नव्हता. "जोर आला तर निस्तं सोडायचं, दुसरा विलाज न्हाई," असं सगळ्यांना दोनदा बजावलं.

वावडी चढली. घुमायला लागली. अण्णा वर बघत होता. मी त्याच्याकडे.

आणि वहिनी पदर खोचून पुढे गेली. "रंगनाथभाऊ, मला धरू द्या."

"वैनी, बायामानसाचं काम न्हाई ह्ये."

"द्या म्हणते ना."

त्याने अण्णाकडे पाहिलं. अण्णा वर वावडीकडेच बघत होता. रंगनाथने आपल्या हातचं चामडं काढून तिच्या हाताला बांधलं. मागे तो स्वतः उभा राहिला. थोडा वेळ ती ताठ उभी होती, तोंड आमच्याकडे, नजर अण्णावर. मग वारा आला. फार मोठा नाही, मला तरी वाटला नाही. रंगनाथने तोंड उघडायच्या आत तिने दोर सोडला. तो गांगरला, त्याच्याही हातून सुटला. बाभळीला बांधलेलं टोक हिसक्याने सुतासारखं तुटलं आणि वावडी गेली.

पोरं आरडत तिच्यामागे पळाली. अण्णा म्हणाला, "अगं, इतक्यात? अजून आवरली असती."

"तुमचाच नियम होता," वहिनी म्हणाली.

त्यात राग होता का, मला सांगता येणार नाही. अण्णाचा चेहरा उतरला, मग तो हसला, मग डोळे पुसायला हात वर नेले तर पट्ट्या. वहिनीने पदराने पुसले. सगळ्यांदेखत.

येताना गाडीत दोघं शेजारी. ओढ्यापाशी अण्णाने विचारलं, "कुठल्या अंगाला गेली गं? खर्ड्याकडे की खाली?"

वहिनी म्हणाली, "मी वावडीकडे बघतच नव्हते."

अण्णाने तिच्याकडे वळून पाहिलं. वावडी शोधायला गेलेला रंगनाथ अजून परतलेला नाही.