नव्या शेडच्या उद्घाटनानंतर केलेली व्यवस्था

मी, खंडेराव सखाराम रायते, वय एकाहत्तर, राहणार ओझर, तालुका निफाड, जिल्हा नाशिक. बुद्धी शाबूत आहे, कोणाची जबरदस्ती नाही. डॉक्टरांनी हृदयाबद्दल जे सांगितलं ते ऐकल्यावर लांबणीवर टाकण्यात अर्थ नाही, म्हणून माझ्या स्वकष्टार्जित मिळकतीची ही व्यवस्था लिहून ठेवत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. राहतं घर पत्नी कुसाबाई हिचं. तिच्या हयातीत ते कोणी विकू किंवा गहाण ठेवू नये. घर बांधलं तेव्हा मी कारखान्यात अडकलेलो असायचो. भिंतींवर पाणी तिनेच मारलं.

कलम २. द्राक्षबागांना औषध फवारणारे ट्रॅक्टरचे ब्लोअर आम्ही बनवतो. पूर्वी माणसं पाठीवर पंप घेऊन दिवसभर औषधात भिजत. मी फिटरची नोकरी सोडून पहिला ब्लोअर जोडला आणि एकटा माणूस सकाळीच बाग उरकू लागला. बागा वाढल्या. त्यांच्यामागून शीतगृहं, गाड्या, गॅरेजं आली, गावातल्या मुली डिप्लोमाला गेल्या. हे सगळं माझ्यामुळे झालं असं नाही, पण त्यात माझा हात होता आणि त्याचा मला अभिमान होता. ज्यांच्या पाठीवरचे पंप उतरले त्यांच्यापैकी काहींचं कामही गेलं, ते गाव सोडून गेले. कुठे गेले, हे मी कधी विचारलं नाही.

कारखान्यातील माझा हिस्सा मुलगा महेश व सून दीपमाला यांना निम्मा-निम्मा.

कलम ३. चुलतभाऊ सोमनाथ माझ्या पहिल्या ब्लोअरला चारचौघांत ‘भंगाराची तोफ’ म्हणाले होते. ती तोफ अजून चालते. ती त्यांना पोहोचती करावी, भाडं माझ्या खात्यातून द्यावं.

कलम ४. जुनी शेड, जागेसह. हिच्याबद्दल लिहायला मला लाज वाटते, तरी लिहितो.

गेल्या डिसेंबरात नव्या शेडमध्ये वेल्डिंगचा रोबोट बसला. त्याआधी महेशने जुन्या वेल्डरांना फोनवर निरोप पाठवून घरी बसवलं. त्यात गोटीराम महाले होता, पहिल्या ब्लोअरपासून माझ्याबरोबर असलेला. उद्घाटनाला तो नारळ आणि हार घेऊन आला. गेटवर त्याच्याकडे पास मागितला. मला स्टेजवरून दिसत होतं.

मी महेशला म्हणालो, “बाहेर गोटीराम आलाय.”

“अण्णा, आत्ता नको. पाहुणे बसलेत. नंतर बघू.”

मी उठलो नाही. गोटीरामला मी आणि महेशने बाहेर ठेवलं. रोबोटने पहिला जोड मारला तेव्हा सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. पुन्हा पाहिलं तर हार गेटला अडकवलेला होता आणि गोटीराम गेला होता.

त्याच्या घरी जायची हिंमत व्हायला संक्रांत उलटली. त्याची बायको नवसाबाई हिने चहा दिला. गोटीराम म्हणाला, “अण्णा, मशीनचा राग नाय मला. आपण मशीनीच करत आलो. मी महेशभाऊला म्हणलो, हे नवं मला शिकवा. ते म्हणले, काका, तुमचं वय झालं.” मग म्हणाला, “तुम्ही तर माझ्याहून लय मोठे हाय.”

चपला घालताना त्याच्याकडे पाहवलं नाही.

रोबोट काढा असं मी म्हणत नाही. त्याच्यामुळे ऑर्डरी वाढल्या, आसपासच्या गावांतल्या मुलामुलींना काम लागलं, त्यांना दीपमालेने स्वतः शिकवलं. जुन्या माणसांना जमेल का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, “वेळ जास्त लागेल, अण्णा. एवढंच.”

म्हणून जुनी शेड दीपमालेच्या ताब्यात विश्वस्त म्हणून राहील. आमच्या यंत्रामुळे ज्याचं काम जाईल त्याला तिथे नवं यंत्र शिकवावं, शिकेपर्यंत पूर्ण पगार द्यावा, वय विचारू नये. माझा हिस्सा घेणाऱ्या दोघांवर हा खर्च बंधनकारक आहे. पहिली जागा गोटीरामची. तो “बघू” म्हणाला आहे. तो आला नाही तरी अट कायम राहील.

कलम ५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी दीपमालेने करावी.

कलम ६. कच्चा मसुदा मी महेशला वाचून दाखवला. वाटणीबद्दल तो काही बोलला नाही. शेवटी म्हणाला, “अण्णा, हे चार लोक वाचतील. गेटवरचं काढा. निदान माझं नाव तरी.”

नाव मी काढलेलं नाही. मसुद्यात ‘गोटीरामला महेशने बाहेर ठेवलं’ असं होतं. त्या वाक्यात महेशच्या आधी ‘मी आणि’ एवढं घातलं, मग सही केली.

ठिकाण : ओझर, जि. नाशिक
दिनांक : ११ मार्च २०२५

सही : खंडेराव सखाराम रायते

आमच्यासमोर वाचून सही केली, आम्हीही त्यांच्यासमोर सह्या केल्या :
१. हिरामण दगू शेजवळ, शेजारी
२. डॉ. उज्वला प्रकाश घुमरे, ओझर